एका दमात धुळे

जळगाव स्टँडवर लाउडस्पीकर होता, चौकशीची खिडकी होती आणि फलाटावरच्या पाट्यांवर सगळ्या गावांची नावं रंगवलेली होती. तरी सकाळच्या धुळे गाडीचा प्रवासी यांपैकी कशाच्याच वाटेला जात नसे. तो मास्तरांची वाट बघायचा. मास्तर गाडीच्या दारात उभे राहायचे, खाकी सदऱ्याची बटणं ताणली जातील इतका श्वास भरून घ्यायचे आणि सुटायचे, "बांभोरी-पाळधी-मुसळी फाटा-पिंपळकोठा-एरंडोल-दळवेल-पारोळा-विचखेडं-सबगव्हाण-मुकटी-अजंग-फागणे-धुळेऽऽ!" मधे कुठे श्वास घेणं नाही, कुठलं गाव गिळणं नाही. शेवटचं 'धुळे' तर इतकं लांबायचं की शेजारच्या फलाटावर भुसावळच्या गाडीसाठी उभी असलेली माणसंसुद्धा पिशव्या उचलायला लागायची.

मी पारोळ्याची. नव्वदच्या दशकाच्या मध्यावर धुळ्यात, देवपूरच्या एका शाळेत शिकवायला लागले आणि रोज अपडाउन करू लागले. रविवार बहुधा जळगावला मोठ्या बहिणीकडे जायचा आणि सोमवारी मी तिथूनच थेट शाळेला निघायचे. त्यामुळे मास्तरांची अख्खी आरोळी मला आठवड्यातून एकदा तरी मिळायची. आमच्याकडे कंडक्टरला मास्तर म्हणतात. त्या रस्त्यावर कंडक्टर पुष्कळ होते, पण नुसतं 'मास्तर' म्हटलं की नशिराबादचे हेच. मी शिक्षिका आहे हे कळल्यावर त्यांनी मला आपल्या धंद्यातलंच धरलं. "तुमचा वर्ग बसलेला, आमचा उभा. एवढाच फरक, बाई," असं म्हणून त्यांनी मला खिडकीची जागा करून दिली होती.

मास्तरांची जीभ रस्त्याप्रमाणे वळायची. जळगाव सोडताना ते ड्रायव्हरला त्यांच्या नशिराबादी बोलीत म्हणायचे, "चाल भो, मले जेवाले धुळ्याले जायाचं हाये." एरंडोल मागे पडलं की 'हाये'चं अहिराणी 'शे' व्हायचं. धुळ्याहून परत निघताना देवपूरच्या कॉलेजातली प्राध्यापक मंडळी चढली की एकदम "कृपया आत सरकून घ्यावे" असं छापील मराठी सुरू. हे कसं जमतं, असं मी एकदा विचारलं. ते म्हणाले, "ज्या गावचं तिकीट, त्या गावची बोली. तिकिटातच धरलेली आहे ती. वेगळा आकार नाही."

गाडी भरणं हे त्यांचं आवडतं काम. लग्नसराईत त्या गाडीत मुंगी शिरायला जागा नसायची, तेव्हा मास्तर मागच्या दारातून ओरडायचे, "मधे काय हंडा पुरलेला आहे का? सरका ना पुढे!" पण धक्काबुक्की त्यांना खपत नसे. माणूस सरकवायची त्यांची रीत निराळी होती. "पुढच्याला ढकलू नका. त्याला मागून नुसतं राम राम करा. तो कोण म्हणून वळतो आन् वळला का जागा होते." आम्ही ते करून बघितलं आहे. खरंच जागा व्हायची, शिवाय दोघांची ओळख व्हायची. त्या गाडीत ठरलेली निदान दोन लग्नं मला ठाऊक आहेत.

ड्रायव्हर रशीदभाई आणि मास्तर यांची जोडी जुनी. दोघांचं दिवसातून एकदा तरी भांडण व्हायचं आणि ते कळण्याच्या, म्हणजे ज्वारी-उडदाच्या, भाकरीवर मिटायचं, कारण मास्तरांच्या घरची कळण्याची भाकरी आणि मिरचीचा ठेचा हा रशीदभाईंचा वीक पॉइंट होता. एकदा दळवेलजवळ एक नवरदेव बाशिंग बांधून रस्त्याच्या कडेला उभा दिसला. त्याची जीप बंद पडली होती आणि मुहूर्त पारोळ्याला. गाडी आधीच भरून वाहत होती. मास्तरांनी नवरदेवाला आपल्या जागेवर बसवलं, करवलीला रशीदभाईंच्या शेजारी इंजिनाच्या झाकणावर, आणि बँडवाल्यांना टपावर. मग आत येऊन सगळ्या गाडीला सांगितलं, "आता आपण सगळे वरपक्ष. तोंडं हसरी ठेवा." पारोळ्याला वधूपक्षाची माणसं आमच्याही स्वागताला पुढे आली. मी त्या दिवशी शाळेत उशिरा पोचले आणि पर्समध्ये लग्नाची सुपारी होती.

थांब्यांबाबत मास्तरांचा स्वतःचा कायदा होता. "रस्त्यात माणूस उभा शे ना? मग तो थांबा शे. पाटी काय, मागून लागते." या कायद्याच्या सगळ्यात मोठ्या लाभार्थी म्हणजे विचखेड्याच्या अक्का. सत्तरीला टेकलेल्या, काटक, तोंडाने फटकळ. रोज सकाळी भाजीची नाहीतर पेरूंची पाटी घेऊन धुळ्याच्या बाजाराला निघायच्या. मास्तर स्वतः खाली उतरून त्यांची पाटी वर घ्यायचे आणि अक्का त्यांना रोज उशिराबद्दल बोलायच्या. एखाद्या दिवशी गाडी चुकून वेळेवर आलीच तर घरी सगळं ठीक आहे ना, अशा काळजीने विचारायच्या, "आज येळवर उनात, मास्तर. घर बठ्ठं बरं शे ना?"

मास्तरांच्या घरी मी एकदाच गेले होते, त्यांच्या मुलीच्या साखरपुड्याला. नशिराबादला तेव्हा नळाला पाणी यायचं त्या दिवशी यायचं, आणि मास्तर ते गाडी भरावी तसं भरून ठेवायचे. मागच्या अंगणात ड्रम, रांजण, पत्र्याच्या टाक्या, एक जुना दगडी हौद. पाणी असं नितळ की तळाशी पडलेला पैसा दिसावा. मास्तरांनी मला ते अंगण इतर कोणी बाग दाखवावी तसं हिंडून दाखवलं. "अख्ख्या गल्लीले पुरते, बाई. आपल्याकडून कोणी तहानलेला जायाला नको." वहिनी, म्हणजे त्यांची बायको, पदराआडून हसत होत्या. त्या म्हणाल्या, "माणसापेक्षा पाण्याले जास्त जपतात हे."

त्याच पाण्याने घात केला. डेंग्यूचा डास गटारात नाही, अशाच स्वच्छ, साठवलेल्या, उघड्या पाण्यात वाढतो आणि दिवसाढवळ्या चावतो, हे तेव्हा आमच्यापैकी कोणाला माहीत होतं? दसऱ्याच्या सुमारास मास्तर तापाने पडले. जुनी माणसं हाडमोड्या ताप म्हणत, ते नाव किती खरं आहे ते मास्तरांकडे बघून कळायचं. डोळ्यांच्या खोबणी दुखत, सांधे दुखत, कूस बदलवत नसे. पण सात-आठ दिवसांत ताप उतरला, भूक लागली, मास्तर हलकेफुलके झाले. डास दिवसा चावतो हे डॉक्टरकडून कळल्यावर म्हणाले, "म्हणजे डुटी करतो बिचारा. रात्री झोपतो. आपल्यातलाच कामसू दिसतो." आम्ही सगळे हसलो. सुटलो बुवा, असं वाटलं.

ते कामावर परत आले त्याच आठवड्यात पायांना मुंग्या यायला लागल्या. खूप उभं राहिल्याने असेल, असं ते म्हणाले. दुसऱ्या दिवशी एरंडोलला टपावरून सामान उतरवायला शिडी चढले आणि गुडघे एकदम लुळे पडले. रशीदभाईंनी त्यांना कवेत धरून खाली घेतलं आणि समोरून येणाऱ्या जळगावच्या गाडीने दवाखान्यात पाठवलं. तिसऱ्या दिवशी मास्तरांना उठून बसता येईना, हातातून पेला निसटू लागला.

डॉक्टर तरुण होते, कोल्हापूरकडचे, जळगावात नवीन. त्यांनी वहिनींना आणि आम्हाला समजावून सांगितलं. तापाशी लढायला शरीराने जी फौज उभी केली होती, ती ताप गेल्यावरही थांबली नाही आणि चुकून आपल्याच नसांवर तुटून पडली. वायरीवरचं रबर सोललं गेलं की दिवा लागत नाही, तसं मेंदूचा निरोप पायांपर्यंत पोचत नाही. डेंग्यूनंतर असं फार क्वचित होतं, आणि बहुतेक माणसं यातून बरी होतात, पण वेळ लागतो. मास्तर पडल्या पडल्या ऐकत होते. म्हणाले, "समजलं. आपलाच चेकर आपल्याच गाडीत शिरला आन् तिकीट असणाऱ्याले उतरवू लागला." डॉक्टर म्हणाले, की हा आजार इतका नीट सांगितलेला मी कधी ऐकला नव्हता.

पण खरी भीती निराळी होती. हा अशक्तपणा पायांतून वर चढतो, आणि छातीच्या स्नायूंपर्यंत पोचला तर श्वासच अडतो. म्हणून डॉक्टर दिवसातून अनेकदा येऊन सांगत, "दीर्घ श्वास घ्या आणि एका दमात जमतील तितके आकडे मोजा." आकडे कमी झाले की छाती थकते आहे असं समजायचं. मास्तर म्हणाले, "आकडे नको, डॉक्टर. आयुष्यभर मोजले. मी गावं घेतो." डॉक्टरांना काय, एका दमात काहीही चालणार होतं, दर वेळी तेच असलं म्हणजे झालं. मास्तरांनी श्वास भरला आणि पलंगावर आडव्याने जळगावहून निघाले. गाडी सरळ धुळ्याला लागली. वॉर्डातल्या लोकांनी टाळ्या वाजवल्या.

मग तो वॉर्डाचा नेमच झाला. पडद्याच्या पलीकडे वहिनी बाकावर बसलेल्या असत, कान आतल्या आवाजाकडे. डॉक्टरांनी त्यांना सांगून ठेवलं होतं, की धुळे ऐकू येतं आहे तोवर काळजी नाही. ही गोष्ट रस्त्यावर पसरायला वेळ लागला नाही. फागण्याचा दूधवाला, मुकटीचे गुरुजी, पिंपळकोठ्याची बचत गटाची मंडळी, ज्याला जळगावात काम असेल तो दवाखान्यात डोकावून जायचा आणि विचारायचा, "मास्तर कुठवर गेले?" आमच्या गाडीत नवा कंडक्टर आला होता, चांगला मुलगा, पण त्याला चढणारा प्रत्येक माणूस हेच विचारायचा. उत्तर रोज एकच यायचं. धुळ्यापर्यंत. एका दमात.

त्या रविवारी मी बहिणीकडे होते. दुपारी दवाखान्यात निघाले तर दारातच विचखेड्याच्या अक्का भेटल्या. मास्तरांसाठी पेरू घेऊन त्या आयुष्यात पहिल्यांदा जळगावला आल्या होत्या. आम्ही आत गेलो तेव्हा डॉक्टर नुकतेच पलंगाजवळ येऊन उभे राहिले होते. मास्तरांचा चेहरा उतरला होता, पण आम्हाला बघून डोळे हसले. मग नजर अक्कांवर गेली आणि ते जरा दचकले, असं मला वाटलं. डॉक्टर म्हणाले, "चला मास्तर, सोडा गाडी." मास्तरांनी श्वास घेतला. आवाज बारीक झाला होता. "बांभोरी, पाळधी, एरंडोल, पारोळा, मुकटी, धुळे." डॉक्टरांनी समाधानाने मान हलवली. पडद्याआडून वहिनींचा सुस्कारा ऐकू आला.

आणि अक्का भडकल्या. "मास्तर, मनं गाव कोठे गयं? इतलं लांबून पेरू लिसन उनू, नि मनं गावच उचलीसन फेकी दिधं तुम्हीन?" त्या खऱ्याच दुखावल्या होत्या. रोज थांबणारा माणूस आज तोंडावर आपलं गाव गाळून गेला, एवढंच त्यांना दिसलं. डॉक्टरांनी विचारलं, "कुठलं गाव?" अक्का म्हणाल्या, "विचखेडं. नि नुसतं विचखेडंच नही. सबगव्हाण गयं, दळवेल गयं, फागणे गयं. ही काय रीत शे?"

डॉक्टरांनी मास्तरांकडे निरखून पाहिलं. कोल्हापूरच्या माणसाला दळवेल कुठे आणि सबगव्हाण कुठे. ते बिचारे दर वेळी शेवटचं नाव तेवढं ऐकत होते. ते खाली वाकले आणि हळू आवाजात म्हणाले, "मास्तर, पुन्हा एकदा. सगळे थांबे घेऊन." मास्तरांनी श्वास भरायचा प्रयत्न केला. "बांभोरी, पाळधी, मुसळी फाटा, पिंपळ..." आणि संपलं. एरंडोल आलंच नाही. गेले दोन दिवस मास्तर दर खेपेला आणखी एखाददुसरं गाव गुपचूप गाळत होते. रशीदभाई भेटायला आले की झोपेचं सोंग घेत होते, कारण रशीदभाईंनी पहिल्याच ऐकण्यात पकडलं असतं. डॉक्टरांनी विचारलं, असं का केलंत? मास्तर पडद्याकडे बघत, शब्द तोडत तोडत म्हणाले, "ती तिथे बसते. धुळं ऐकलं का... घरी जाऊन दोन घास खाते."

त्यानंतर सगळं घाईने झालं. श्वास देणारं यंत्र त्या दवाखान्यात नव्हतं, ते होतं धुळ्याला. ॲम्ब्युलन्स निघाली. नाकातोंडावर ऑक्सिजन लावलेले मास्तर, उशाशी वहिनी, एक नर्स, धुळ्याची माहिती असलेली म्हणून मी, आणि कोणी नको म्हणायच्या आत चढून बसलेल्या अक्का. "माले विचखेड्याले उतारी द्या, वाटवरच शे," असं त्यांनी ड्रायव्हरला बजावलं होतं. मास्तर वर छताकडे बघत पडले होते. ज्या रस्त्याने आयुष्य उभ्याने काढलं त्यावरून ते पहिल्यांदा आडवे चालले होते, पण गाव कुठलं आलं ते त्यांना कळत होतं. गिरणेच्या पुलाचा आवाज, पाळधीचं वळण, एरंडोलच्या बाजारातली गर्दी. प्रत्येक गावाला त्यांच्या भुवया जरा वर जात. माझं पारोळं आलं आणि गेलं. मला त्या वेळी उतरायचं सुचलंही नाही.

पारोळ्यानंतर थोड्या वेळाने मास्तर अस्वस्थ झाले. डोळे अक्कांकडे, मग ड्रायव्हरकडे, पुन्हा अक्कांकडे. नर्स घाबरली. वहिनींनी मात्र ओळखलं. "गाडी थांबवा म्हणतात. अक्कांचं गाव आलं." मला वाटलं, अक्का आता काहीतरी फटकळ बोलतील. त्या पुढे सरकल्या, मास्तरांच्या कपाळावर आपला खरखरीत हात ठेवला आणि म्हणाल्या, "नको भाऊ. आज थांबू नको. मनं गाव काय पळी जास नही. आज पहिले धुळं." विचखेड्याच्या थांब्यावरचा निंब खिडकीबाहेरून मागे गेला. अक्कांनी तिकडे पाहिलंसुद्धा नाही.

वेळेवर पोचलो. धुळ्याच्या डॉक्टरांनी सांगितलं की आणखी उशीर झाला असता तर कठीण होतं. मास्तर पुढचे काही आठवडे यंत्रावर होते. घशात नळी, त्यामुळे बोलणं बंद. ज्या माणसाने शेजारच्या फलाटावरची माणसं हलवली तो मुका पडलेला बघणं मला फार जड गेलं. शाळा सुटली की मी देवपूरहून पांझरेचा पूल ओलांडून जायचे. बाजार उठला की अक्का यायच्या. रशीदभाई दुपारच्या खेपेला गाडी स्टँडवर लावून यायचे, आणि इतक्या वर्षांत राहून गेलेली सगळी भांडणं मास्तरांशी एकतर्फी भांडून घ्यायचे. "अब बोलो, बोलो ना," असं म्हणून स्वतःच डोळे पुसायचे. वहिनींना आम्ही आळीपाळीने जेवायला लावत होतो. आता त्यांच्यासाठी कोणी खोटं धुळे म्हणत नव्हतं, तरी त्या जेवत होत्या.

एका दुपारी नळी निघाली. आम्ही पलंगाभोवती उभे होतो, अक्का पायथ्याशी. मास्तरांनी घसा खाकरला, दोनदा ओठ हलवले आणि पहिला शब्द काढला, "विचखेडं." अक्का मटकन खाली बसल्या आणि हसत सुटल्या. इतक्या हसल्या की नर्सने येऊन दम दिला. दुसऱ्या दिवशी बाजारात त्यांनी भाजी कमी विकली आणि ही गोष्ट जास्त सांगितली.

बरं होणं मात्र जळगाव-धुळे साध्या गाडीसारखं होतं. सगळे थांबे घेत. आधी मान, मग हात, मग बसणं, मग कोणाच्या तरी खांद्यावर हात टाकून उभं राहणं. मास्तर नशिराबादच्या अंगणात काठी घेऊन चालायचे. तिथले ड्रम, रांजण आता पांढऱ्या फडक्यांनी करकचून बांधलेले असत आणि आठवड्यातून एकदा सगळं पाणी ओतून, भांडी घासून कोरडी केली जात. गल्लीत कोणाच्या घरी उघडा रांजण दिसला की मास्तर काठी आपटत जायचे. "झाका ते. माझ्याकडे बघा आन् झाका." त्यांच्याकडे बघितल्यावर कोणी वाद घालत नसे.

डेपोने त्यांना आधी बैठं काम दिलं, चौकशीच्या खिडकीत. तिथे ते सहा-सात महिने टिकले. प्रवाशाने धुळ्याची गाडी किती वाजता, असं विचारलं की मास्तर त्याला कोणाकडे चालला, तिथे आता कोण आजारी आहे, आणि ही गाडी सोडून मागची का धरावी, हे सगळं सांगत. रांग बाहेर रिक्षापर्यंत जायची. ते स्वतः म्हणायचे, "खिडकीतून माणसाचा नुसता चेहरा दिसतो, बाई. पाटी दिसत नाही, पाय दिसत नाहीत. हे काय काम हाये?" शेवटी पुढच्या वर्षीच्या दिवाळीनंतर डॉक्टरांचा दाखला मिळाला आणि ते गाडीवर परत आले. पण अट अशी की चढउतार आपली आपण करता आली पाहिजे. नाहीतर खिडकी, कायमची.

उजव्या पावलाचा पुढचा भाग अजून नीट उचलला जात नव्हता, हे आम्हा रोजच्या लोकांना दिसत होतं. वहिनींनी त्यांना मधे कुठे खाली उतरायचं नाही अशी शपथ घातली होती. त्याच सुमाराला माझं लग्न ठरलं होतं. नाशिकला जायचं होतं आणि माझं अपडाउन संपत आलं होतं. त्या शेवटच्या आठवड्यातली एक संध्याकाळ. आम्ही धुळ्याहून परत निघालो होतो. विचखेडं आलं. अक्कांची पाटी त्या दिवशी अर्धी भरलेली होती, पेरू उरले होते. आणि मास्तर सवयीने, शपथ विसरून, पाटी घेऊन खाली उतरले.

उतरणं जमलं. पाटी अक्कांच्या डोक्यावर ठेवणंही जमलं. मग ते वळले. रस्त्याची कड तिथे खचलेली होती आणि पायरी नेहमीपेक्षा उंच. त्यांनी दांडा धरला, पाय उचलला, बुटाचं टोक पायरीला अडकलं. पुन्हा उचलला, पुन्हा अडकलं. दारातल्या एका माणसाने हात पुढे केला आणि मास्तरांच्या चेहऱ्याकडे बघून मागे घेतला. हात देणं म्हणजे त्यांना खिडकीत परत पाठवणं, हे कोणी कोणाला सांगायची गरज नव्हती.

रशीदभाईंनी आरशात पाहिलं आणि इंजिन बंद केलं. खाली उतरून पुढच्या चाकाला लाथ मारली. "हवा कम लग रही है," ते मोठ्याने म्हणाले. चाक टणक होतं. कॉलेजची दोन पोरं पुढच्या दाराने, रशीदभाईंच्या बाजूने, पाय मोकळे करायला म्हणून उतरली. एका म्हाताऱ्याला पाणी प्यायचं होतं. मला एकदम पेरू घ्यायची आठवण झाली. अक्कांनी रस्त्याच्या कडेला पोतं अंथरलं आणि पाटी मांडून बसल्या. "या, या, गोड शेत!" बघता बघता तिथे छोटा बाजार भरला. बायका भाव करायला लागल्या, माणसं पिकाचं विचारायला लागली, आणि सगळ्यांच्या पाठी गाडीच्या मागच्या दाराकडे. कोणी वळून बघेना. न बघणं किती अवघड असतं ते मला त्या दिवशी कळलं. मी तीन वेळा तोच पेरू उचलून ठेवला.

मागे बुटाचा आवाज येत होता. घासणं, थांबणं, पुन्हा घासणं. एकदा नुसता श्वास ऐकू आला, मोठा, खोल, छाती भरून घेतलेला. मग दांडा वाजला, पत्र्यावर पाऊल पडलं, आणि गाडीत घंटी झाली. दोन टोले.

आम्ही धावत जाऊन बसलो. रशीदभाईंचं चाक आपोआप भरलं. मास्तर दांड्याला टेकून उभे होते, घामाने डबडबलेले, सदऱ्याची बाही धुळीने माखलेली. त्यांनी चेहरा कडक केला आणि सगळ्या गाडीवरून नजर फिरवली. "चांगला उशीर झाला. कोणामुळे झाला?"

खालून खिडकीशी अक्का उभ्या होत्या. त्या म्हणाल्या, "मनामुये. मना पेरू सरतच नव्हतात." रशीदभाई पुढून ओरडले, "मेरी वजहसे. टायर." कॉलेजची पोरं म्हणाली, आमच्यामुळे. म्हातारा म्हणाला, पाणी पीत होतो. मी म्हणाले, भाव करत होते. मागच्या बाकावर एक माणूस गाडी थांबल्यापासून झोपलेला होता, तोही जागा होऊन म्हणाला, "माझ्यामुळे असेल." पारोळं येईपर्यंत गाडीतला एकही माणूस निर्दोष उरला नव्हता.

मास्तरांनी खिडकीकडे तोंड फिरवलं. ते रडत होते आणि हसतही होते, दोन्ही लपत नव्हतं. बाहीने डोळे पुसत ते म्हणाले, "बठ्ठा चोर शेतस."